न्यूरोसिंथ कम्पोज : नकाशा निघाला, पण विश्वास किती ठेवायचा?

प्रश्न : मेंदूच्या स्कॅनवरच्या अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करणाऱ्या जुन्या न्यूरोसिंथ संकेतस्थळावर शब्द टाकला की मेंदूचा नकाशा लगेच मिळतो. मग त्याचं नवं साधन, कम्पोज, शिकायची उठाठेव कशाला?

उत्तर : २०११ साली आलेल्या न्यूरोसिंथमध्ये अभ्यास निवडतो संगणक, शब्द किती वेळा आला ते मोजून. ‘पेन’ (वेदना) म्हटलंत की जुनाट दुखण्याचे रुग्ण, हाताला चटका दिलेले निरोगी स्वयंसेवक आणि दुसऱ्याला होणारी वेदना नुसती बघणारे, सगळे एकाच पोत्यात. वाचनाची दिशा ठरवायला ते छान, प्रबंधाला नाही. कम्पोजमध्ये निवड तुमची असते. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीवरून यादी आणा, दुबार नोंदी काढा, जो निबंध वगळाल त्याचं कारण लिहा. मग कोऑर्डिनेट, म्हणजे मेंदूतल्या बिंदूची जागा सांगणारे तीन आकडे, तपासा आणि शेवटी विश्लेषण. ते निमेअर ही पायथन लायब्ररी करते, तुम्हाला कोड लिहावा लागत नाही. ट्युटोरियल बघताना बरेचजण चाळणीचा भाग पुढे ढकलून थेट रंगीत नकाशावर जातात. शिकण्यासारखं नेमकं त्या चाळणीत आहे.

प्रश्न : बऱ्याच निबंधांचे कोऑर्डिनेट तिथे आयते भरलेले असतात. तरी पीडीएफ उघडायची?

उत्तर : हो, प्रत्येक. तक्त्यात −४२, १८, ६ छापलंय आणि उचलताना उणे चिन्ह गळलं, तर डाव्या गोलार्धातला बिंदू उजवीकडे जाऊन बसतो आणि कुठेही एरर येत नाही. एकाच तक्त्यात वरच्या ओळी ‘रुग्णांत जास्त’ आणि खालच्या ‘रुग्णांत कमी’ अशा असतात. यंत्र त्यांची सरमिसळ करू शकतं. शिवाय कोऑर्डिनेट कोणत्या प्रमाण मेंदूवर मोजलेत ते बघा, टॅलरॅक की एमएनआय. १९८८चा टॅलरॅक अॅटलास एका साठ वर्षांच्या बाईंच्या मेंदूवरून काढलेला, तर एमएनआयचा प्रचलित साचा १५२ जणांच्या स्कॅनची सरासरी. दोन्हींत काही जागी बरेच मिलिमीटर फरक पडतो. आणि संशोधकांनी फक्त ठरावीक भाग तपासला असेल, तर तो निबंध बाहेर. ही पद्धत संपूर्ण मेंदू तपासला आहे असं धरून चालते.

प्रश्न : माझ्याकडे नऊ निबंध, एकवीस काँट्रास्ट (दोन स्थितींमधल्या तुलना) आहेत. पुरतील?

उत्तर : एएलई, म्हणजे अनेक अभ्यासांचे बिंदू कुठे जुळतात ते बघणारी पद्धत, तिच्यासाठी २०१६च्या एका अभ्यासाने किमान १७ ते २० प्रयोग सुचवले. तुमचे एकवीस दिसायला पुरेसे. पण त्याच माणसांवरचे तीन काँट्रास्ट म्हणजे तीन स्वतंत्र प्रयोग नव्हेत. ते एकत्र करा. नऊच उरले तर विषय थोडा रुंद करा किंवा सरळ वर्णनात्मक आढावा लिहा.

प्रश्न : नकाशात इन्सुला हा मेंदूचा भाग उजळला, म्हणजे सहभागींना वेदना झाली असं लिहू का?

उत्तर : नको. इन्सुला वेदनेखेरीज इतर बऱ्याच गोष्टींनीही उजळतो, त्यावरून मनातलं ओळखता येत नाही. मेंदू-संशोधक रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६मध्येच या उलट्या अनुमानाबद्दल बजावलं होतं. न्यूरोसिंथचा असोसिएशन नकाशा थोडी मदत करतो : तो शब्द असलेल्या अभ्यासांत हा भाग इतरांपेक्षा जास्त वेळा दिसतो का, एवढंच तो सांगतो. त्याच आधारावर २०१५मध्ये ‘डॉर्सल अँटिरियर सिंग्युलेट (मेंदूचा आणखी एक भाग) वेदनेसाठीच’ असा दावा झाला आणि न्यूरोसिंथचे जनक टाल यारकोनी यांनीच तो खोडून काढला.

प्रश्न : जुना प्रबंध जिंजरएएलई या एएलईच्या सॉफ्टवेअरवर केलेला. बाद?

उत्तर : आवृत्ती बघा. २.३.६च्या आधीच्या काही आवृत्त्यांत सांख्यिकीय दुरुस्तीत चूक होती आणि निकाल गरजेपेक्षा सैल लागत. तीच फाइल कम्पोजमध्ये आणून पुन्हा चालवा.