गाडीभर अर्थ वाहणारा ‘चार्ज’

प्रश्न : मोबाइल चार्ज होतो, सेवेसाठी चार्ज आकारला जातो, न्यायालयात चार्जशीट दाखल होते, नवा अधिकारी चार्ज घेतो आणि घोडदळ शत्रूवर चार्ज करते. हा एकच शब्द आहे, की उच्चाराने सारखे असलेले निरनिराळे शब्द? एकच असेल, तर त्यांना जोडणारा धागा कोणता?

उत्तर : शब्द एकच आहे आणि त्याच्या मुळाशी मालाची गाडी उभी आहे. गॉलमधील, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या परिसरातील, केल्टिक लोकांच्या भाषेतून रोमनांनी गाडीसाठी ‘कारुस’ हा शब्द उचलला. पुढच्या काळातील लॅटिनमध्ये त्यावरून ‘कारिकारे’, म्हणजे गाडीवर माल लादणे, असे क्रियापद तयार झाले. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘चार्जिए’ झाले आणि तेथून तेराव्या शतकाच्या सुमारास ते इंग्रजीत आले. (फ्रेंचांनी पुढे आपला ‘च’ सोडून ‘श’ धरला, इंग्रजीने मात्र उसना घेतलेला जुना उच्चार आजतागायत सांभाळला आहे.)

मूळ अर्थ ‘लादणे’ हा धरला, की बाकीचे अर्थ फारसे लांबचे वाटत नाहीत. पैशाचा भार लादला की आकार, दोषाचा लादला की आरोप, कामाचा लादला की पदभार. बंदुकीत किंवा तोफेत एका बारासाठी जी दारू ठासतात, तीही चार्जच. विजेचा अर्थ या दारूगोळ्याच्या शेजारचा आहे. 1740 च्या दशकात अमेरिकी संशोधक बेंजामिन फ्रँकलिन लायडेन बरणीवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या काचेच्या बरणीवर, प्रयोग करीत होते, तेव्हा वीज हा एक प्रवाही पदार्थ असून तो बरणीत भरता येतो, अशी त्यांची कल्पना होती. म्हणून बरणी ‘चार्ज’ होऊ लागली. अशा अनेक बरण्या एकत्र जोडल्यावर त्या संचाला त्यांनी ‘बॅटरी’ हे नाव दिले, आणि तो शब्द तोफांच्या रांगेसाठी आधीपासून वापरात होता. तेव्हा आपण बॅटरी चार्ज करतो, असे म्हणताना नकळत तोफखान्याचीच भाषा बोलत असतो. घोडदळाच्या चढाईचा अर्थ कसा आला, याची उपपत्ती मात्र इतकी सरळ नाही. शस्त्र भरून किंवा रोखून सज्ज करणे आणि मग त्यासह शत्रूवर तुटून पडणे, असा तो प्रवास बहुधा झाला असावा.

या शब्दाची भावंडे पाहणे अधिक मनोरंजक आहे. ‘कार’ आणि ‘कॅरी’ ही उघड दिसतात. ‘कार्गो’ स्पॅनिशमधून आला. त्याचा अर्थ लादलेला माल. ‘करिअर’ म्हणजे मुळात गाड्यांचा रस्ता, नंतर शर्यतीची धावपट्टी आणि अखेरीस माणसाची व्यावसायिक वाटचाल. ‘कॅरिकेचर’ हा इटालियन शब्द त्याच ‘लादणे’ या क्रियापदाचा आहे : चेहऱ्यातील एखाद्या वैशिष्ट्यावर गरजेपेक्षा जास्त भार चढवून काढलेले चित्र. आपण त्याला अर्कचित्र म्हणतो, म्हणजे इटालियन चित्रकार जेथे भर घालतो, तेथे मराठी चित्रकार जादा ते उडवून केवळ अर्क ठेवतो. मला आपली कल्पना अधिक नेमकी वाटते. ‘केअर’ मात्र या कुटुंबातला नाही. एखाद्याचा चार्ज घेणे म्हणजे त्याची काळजी घेणे, म्हणून तो तसा वाटतो एवढेच. तो जुन्या इंग्रजीतला, दुःख आणि चिंता या अर्थाचा निराळा शब्द आहे.

मराठीत या सर्व अर्थांना वेगवेगळे प्रतिशब्द आहेत, असे आपल्याला वाटते. पण पदभार, कार्यभार, अधिभार, प्रभारी, विद्युतप्रभार हे शब्द एका ओळीत ठेवून पाहावेत. ‘आरोप’ या शब्दातही ‘भार’ दिसत नसला, तरी त्याचा संस्कृत अर्थ ‘वर चढवणे’ असाच आहे. ‘चार्ज’ आणि ‘भार’ यांचे रक्ताचे नाते नाही, केवळ विचार सारखा आहे. ‘भार’ ज्या ‘भृ’ धातूपासून झाला, त्याचे इंग्रजीतील खरे नातेवाईक ‘बेअर’, म्हणजे वाहणे, आणि ‘बर्डन’, म्हणजे ओझे, हे आहेत.

प्रश्न : रुग्णाला ‘डिस्चार्ज’ मिळतो तेव्हा तो मोकळा होतो. मग ‘डिस्चार्ज्ड हिज ड्यूटी’ याचा अर्थ कर्तव्य पार पाडले असा कसा? आणि ‘इन चार्ज ऑफ’ व ‘इन द चार्ज ऑफ’ यांत फरक आहे का?

उत्तर : ‘डिस्चार्ज’ म्हणजे भार उतरवणे, तो कोणाचा आणि कशा रीतीने उतरला, हे वाक्यावरून ठरते. बंदूक झाडली की दारूचा भार उतरतो, बॅटरी वापरली की विजेचा. कर्तव्य हेही ओझेच, आणि ते उतरवण्याचा एक मार्ग म्हणजे ते पूर्ण करणे. कर्ज फेडण्यालाही इंग्रजीत हेच क्रियापद चालते. ‘डिस्चार्ज्ड फ्रॉम ड्यूटी’ असे म्हटले, तर मात्र ओझे दुसऱ्या कोणी उतरवून घेतले आणि माणूस कामातून मुक्त झाला. एका ‘फ्रॉम’मुळे कर्तव्यदक्ष माणूस कार्यमुक्त होतो, म्हणून भाषांतर करताना येथे थांबून पाहावे.

दुसऱ्या जोडीतील फरक त्याहून नाजूक आहे. परिचारिका रुग्णाची ‘इन चार्ज’ असते, तर रुग्ण परिचारिकेच्या ‘इन द चार्ज ऑफ’ असतो. एका ‘द’ने सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा यांची अदलाबदल होते, आणि इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही येथे चुकतात. मराठीत ‘रुग्णाचा भार परिचारिकेवर आहे’ एवढे म्हटले, की कोण कोणाला सांभाळतो याविषयी शंका उरत नाही.