जीन्स एका मांडीजवळ विरलीय, टाकून देऊ का रफू करून घेऊ?

तुम्ही लिहिलंय की जीन्स बाकी छान आहे, फक्त उजव्या मांडीला आतल्या बाजूने पांढरी पडलीय, भोक अजून नाही. टाकू नका हो. आणि फाटायची वाटही बघू नका, ह्याच रविवारी बसा.

डेनिममध्ये उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असतो, चालताना घासून घासून आधी वरचे निळे तुटतात आणि आडव्या पांढऱ्यांची जाळी तेवढी राहते, तुम्हाला दिसतंय ते तेच. जाळी आहे तोवर टाक्याला धरायला काहीतरी आहे, एकदा भोक पडलं की कडा सुटत जातात आणि काम चौपट होतं.

नुसतं रफू इथे पुरत नाही, आतून ठिगळ पाहिजेच. माझ्या आत्याने शिकवलं तसं सांगतो. जीन्स उलटी करून तो पाय खिडकीसमोर धरायचा, जिथून उजेड आरपार येतो तेवढा सगळा भाग साबणाच्या चिपटीने आखायचा. नुसत्या डोळ्यांना वाटतो त्यापेक्षा तो बराच मोठा निघतो, माझ्या पँटला रुपयाएवढा वाटलेला तळहाताएवढा निघाला! ठिगळ त्या रेघेच्याही बोटभर बाहेर, चांगल्या कापडावर गेलं पाहिजे. पहिल्या वेळी मी ते छोटं लावलं, सगळे टाके विरलेल्या कापडातच पडले आणि तीन-चार धुण्यांत ठिगळाच्या कडेनेच पँट टरकली, फार वाईट वाटलं तेव्हा.

ठिगळाला जुन्या जीन्सचा पोटरीकडचा तुकडा घ्या, तो फारसा झिजलेला नसतो आणि धुऊन धुऊन आधीच आटलेला असतो, कोरं कापड लावलं तर ते नंतर आटतं आणि भोवती चुण्या पडतात. कोपरे गोल कापा. आधी कच्चा टाका घालून बसवा, मग निळ्या दोऱ्याने वरून धावदोरा, गोधडीला घालतो तोच, उभ्या धाग्याच्या दिशेने ओळीला ओळ लागून. ओळी सगळ्या एकाच रेषेत संपवू नका, एक लांब एक आखूड ठेवा, नाहीतर त्या रेषेवर कापड दुमडून दुमडून तिथेच तुटतं. दोरा ओढायचा नाही, टाका सैलसर हवा, बसल्यावर मांडीवर कापड ताणलं जातं ना.

मशीनवर करणार असाल तर सुई १६ नंबरची लावा. चार शिवणी एकत्र येतात तिथे मात्र हातानेच करा, जाड असतं, मशीनची सुई मोडते.

टेलरकडे दिली तरी चालेल, पण ठिगळ केवढं हवं ते आखून द्या. (शर्टची कॉलर विरली असेल तर तीही उसवून उलटी करून लावून देतात, विचारून बघा, शर्ट परत नव्यासारखा होतो.)

माझी पँट दुसऱ्या वेळी केली त्याला दीड वर्ष झालं, आठवड्यातून दोनदा घालतो, उलटी करून धुतो. तुमची डावी मांडी अजून बरी दिसत असेल, पण तीही खिडकीसमोर धरून बघा, उजेड दिसला तर त्याच बैठकीत तिलाही ठिगळ लावून टाका.