‘दोख!’ म्हणणारी मुलगी

“मॅडम, हिला आता धड मराठी येत नाही, धड इंग्रजी. जर्मनच्या क्लासला घातलं आणि घरात खिचडी सुरू झाली.” आई खुर्चीत टेकायच्या आत बोलायला लागल्या. एकवीस वर्षांची लेक, जर्मनच्या बी-टू पातळीच्या परीक्षेची तयारी करणारी, शेजारी मान खाली घालून. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.)

पुण्यात जर्मन शिकणारी मुलं भरपूर, त्यामुळे ही तक्रार मला नवी नाही. “नमुना सांगा,” म्हटलं. त्यांना पाठच होता: “आई, हाउसआउफगाबा संपल्याच नाहीत गं, रात्री लेर्नन करायचंय.”

मला हसू आलं, ते आईंना आवडलं नाही. पण वाक्य नीट ऐका. गृहपाठाला जर्मनमध्ये ‘हाउसआउफगाबे’, अनेकवचनी ‘हाउसआउफगाबन’. हिनं मात्र माळ-माळा, वीट-विटा या चालीवर ‘गाबा’ केलं. ‘लेर्नन’ला, म्हणजे अभ्यासाला, ‘करणे’ जोडलं, जसं आपण ‘टाइप करतो’. व्याकरण अख्खं मराठी. मराठी सुटत चाललेल्या माणसाला हे जमत नाही. पोर्तुगीजांकडून आलेले ‘पगार’ आणि ‘चावी’ही आपण असेच वळवून घेतले.

तिला तीन दिवस वहीत लिहायला सांगितलं: कुठला शब्द, कुणाशी बोलताना. क्लासच्या मैत्रिणींशी पानभर, आईशी आठ-दहा, आजीशी एकही नाही. समोरचं माणूस बघून जीभ आपोआप बदलत होती.

आईंचा खरा राग ‘दोख’वर होता. “जेवली नाहीस ना?” विचारलं की ही म्हणणार, “दोख!” नकारार्थी प्रश्नाला ठाम होकार द्यायचा तो शब्द. आपण “जेवले की!” म्हणतो, तसा. हे ऐकून आई जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “मला कुणी सांगितलंच नव्हतं.” मराठीची काळजी बरीचशी निमित्तमात्र होती, हे तिथे माझ्या लक्षात आलं.

मुलीची धास्ती वेगळीच. तोंडी परीक्षेच्या सरावात अडली की ‘म्हणजे’ निसटायचं. शब्द आठवेपर्यंतच्या दोन सेकंदांत जीभ सवयीच्या जागी जाते. ‘म्हणजे’ गिळून भागत नाही, त्या जागी ‘आल्झो’, ‘ना या’ असे जर्मन भरतीचे शब्द बसवावे लागतात. म्हणून रोज दहा मिनिटं फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकायचं ठरलं. घरातल्या खिचडीला हात लावायचा नाही, हे आईंना दोनदा बजावलं.

बोलणंच कमी झालं, कुठल्याच भाषेत शब्द सापडेना, तर गोष्ट वेगळी. तेव्हा मी आधी झोपेची चौकशी करते.

परीक्षेच्या चारही भागांत १०० पैकी किमान ६० लागतात. बोलण्यात तिला ७८ मिळाले. लेखनात ५६, तो भाग पुन्हा द्यायचाय. फोन आईंचाच आला. “तिथे मराठी नडलं का?” मी विचारलं.

“छे हो! डेर-डी-डास चुकलं. तो-ती-तेच्या घरात वाढलेली पोर, आणि लिंगात चुका करते!”