नागपुरातील मोटारसायकल रॅली आणि कस्टम बाइक शोला साध्या 150 सीसी गाडीवर जाण्यात काही अर्थ आहे का?

आपण लिहिले आहे की आपली बदली नुकतीच नागपुरात झाली आहे, जवळ सात वर्षांची जुनी 150 सीसीची गाडी आहे, आणि त्या गाडीवर येथील रॅलीत किंवा कस्टम बाइकच्या (म्हणजे मालकाच्या आवडीप्रमाणे बदलून घेतलेल्या गाड्यांच्या) प्रदर्शनात गेल्यास हसे होईल की काय, अशी शंका वाटते. तेथे नवख्याने नेमके काय पाहावे आणि दहा वर्षांच्या मुलाला सोबत न्यावे का, हेही आपण विचारले आहे. मी गेली बारा-तेरा वर्षे अशा कार्यक्रमांना केवळ पाहणारा म्हणून जातो. माझी गाडी प्रदर्शनातील दोरीच्या आत कधी उभी राहिलेली नाही, आणि तिचा सध्याचा अवतार पाहता पुढेही राहील असे वाटत नाही. त्यामुळे हे उत्तर दोरीच्या बाहेरून दिलेले आहे असे समजावे.

हसे होण्याची भीती पहिल्या पाच मिनिटांत जाते. ज्या गाडीभोवती आजही सर्वांत जास्त गर्दी जमते ती यामाहा आरएक्स 100 अवघ्या 98 सीसीची होती आणि 1985 ते 1996 या काळात दूधवाल्यापासून कॉलेजकुमारापर्यंत सर्वांच्या घरी होती, हे तेथे येणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. या मंडळींत सीसीपेक्षा गाडी कशी ठेवली आहे याला मान आहे: चेन कोरडी पडलेली नसावी, ब्रेक लाइट पेटावा, आरसे जागेवर असावेत. महागडी नवी गाडी घेऊन पार्किंगमध्येच एक्सलरेटर पिळत बसणारा मनुष्यही दरवेळी एखादा असतोच, परंतु त्याच्याकडे जाणकारांपैकी कोणी वळूनही पाहत नाही.

आता काय पाहावे, याविषयी. प्रदर्शनात शिरल्यावर नजर साहजिकच टाकीच्या रंगावर जाते, कारण ती तेथेच जावी अशी बनवणाऱ्याची इच्छा असते. मलाही सुरुवातीची दोन-तीन वर्षे रंगापलीकडे काही दिसत नव्हते. एकदा एका बॉबरसमोर (मागचा भाग कापून आखूड केलेल्या गाडीसमोर) मी असाच उभा असताना शेजारचे एक वयस्कर मिस्त्री मला म्हणाले, "टाकी काय पाहून राहिले भाऊ, लांबी-पुट्टी भरून कोणीही गुळगुळीत करते. खाली बसा अन् वेल्डिंग पाहा." मी उकिडवा बसलो. सीटखाली मागचा सांगाडा कापून नवा वाकवलेला पाइप जोडला होता, आणि त्या जोडावर वेल्डिंगची रेघ नाण्यांची चळत आडवी पाडावी तशी एकसारखी, न तुटता गेली होती. दोन गाड्या सोडून उभ्या असलेल्या दुसऱ्या एका चकचकीत गाडीत त्याच जागी शिंतोडे उडालेले होते आणि जोड ग्राइंडरने घासून वर रंग मारला होता. दोन्ही गाड्यांची छायाचित्रे उत्तमच आली असती. मात्र खड्ड्यातून सारखा मार खात पन्नास किलोमीटर जाण्याची वेळ आली, तर मी पहिलीच निवडीन.

त्यानंतर हँडल पाहावे. मालकाची परवानगी घेऊन ते डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवून दाखवण्यास सांगावे आणि फिरताना एक्सलरेटर व क्लचच्या केबल कोठे ताणल्या जातात का, याकडे लक्ष द्यावे. हा धडा मी स्वतःच्या खिशातून पैसे मोजून शिकलो आहे. कॅफे रेसरच्या, म्हणजे पुढे वाकून चालवायच्या शर्यतीसारख्या गाडीच्या, हौसेपायी मी एका गॅरेजमध्ये जुने उंच हँडल काढून खाली वाकलेले, क्लिप-ऑन नावाचे आखूड हँडल बसवून घेतले होते. गाडी देखणी झाली, परंतु केबलचा मार्ग बदलताना ती कोणीतरी हेडलाइटच्या मागून अशी आवळून नेली होती की, फुटाळा तलावाजवळ यू-टर्न घेताना हँडल पूर्ण उजवीकडे वळताच केबल ताणली गेली, इंजिनाने आपोआप वेग घेतला आणि मी दुभाजकाला टेकूनच थांबलो. गुडघा खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, ही कृपाच. तेव्हापासून कोणतीही कस्टम गाडी दिसली की माझे डोळे आधी केबल शोधतात.

टायरही बरेच काही सांगतात. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून आलेले रबराचे बारीक केस असतात आणि थोडेफार चालवताच मधल्या भागातील केस झिजून जातात. ज्या गाडीच्या टायरवर ते मधोमध शाबूत आहेत, ती टेम्पोतून आली आणि टेम्पोतूनच परत जाणार, असे बहुधा खुशाल समजावे. तशी गाडी वाईट असते असे नव्हे, शिल्प म्हणून ती पाहावी. माझे मन मात्र जिच्या इंजिनावरील, ते थंड ठेवणाऱ्या पातळ पट्ट्यांत धूळ बसली आहे आणि सायलेन्सरचा वाकलेला भाग तापून निळसर-सोनेरी झाला आहे, अशा गाडीपाशी जास्त रमते.

बहुतेक प्रदर्शनांत एका बाजूला जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांची रांग असते, आणि वेळ कमी असेल तर कस्टम गाड्या सोडून आधी तेथे जावे असे मी सुचवीन, कारण ते मालक बोलायला आतुर असतात. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1961 पासून बाहेर पडलेल्या जावा आणि नंतरच्या येझ्दी गाड्यांत किक आणि गिअर यांचा दांडा एकच असतो: तो उभा फिरवला की किक, पुढे पाडला की गिअर. हे नुसते ऐकून खरे वाटत नाही, समोर कोणी करून दाखवावे लागते. जुन्या बुलेटचे तंत्र तर त्याहून नाजूक. एका निवृत्त गृहस्थांनी मला त्यांच्या गाडीवर हात धरून ते शिकवले. चावी फिरवून किक हळूहळू दाबत न्यायची आणि हेडलाइटच्या खोळीवरील, विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अँपिअर-मीटरच्या काट्याकडे पाहत राहायचे; काटा डावीकडून मध्यावर आला की थांबायचे, डीकॉम्प्रेसरचा (इंजिनातील दाब मोकळा करणारा) छोटा दांडा ओढून किक आणखी किंचित पुढे सरकवायची, दांडा सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच पूर्ण लाथ. मी घाईने काटा मध्यावर येण्याआधीच लाथ घातली, तेव्हा किकने उलटा असा तडाखा दिला की पोटरी दोन दिवस ठणकत होती. काका हसले नाहीत. "तिला विचारल्याशिवाय मारली तुम्ही," एवढेच म्हणाले.

या रांगेतील काही गाड्यांच्या नंबरपाटीवर व्हीए ही अक्षरे दिसली तर गोंधळू नये. केंद्र सरकारने 2021 मध्ये केलेल्या नियमांनुसार, पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रचनेत मोठा फेरफार न झालेल्या दुचाकी-चारचाकी गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती दहा वर्षे चालते, मात्र अशी गाडी रोज कार्यालयात न्यायला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणायची असते.

प्रदर्शन पाहून हात शिवशिवू लागतात, म्हणून एक इशारा. तेथे दिसलेले सर्व काही रस्त्यावर चालते असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मधील निकालात हीच भूमिका घेतली आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंडाची तरतूद झाली. सायलेन्सर बदलण्याचा मोह सर्वांत आधी होतो आणि पावतीही सर्वांत आधी त्याचीच फाटते. सीट, हातमुठी, सामानाच्या पिशव्या यांवर हौस भागवून घ्यावी. चेसीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, ग्राइंडर लावू नये.

रॅलीचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे समजून घेतलेले बरे. पहिली शहरातील मिरवणूकवजा रॅली, जी संविधान चौक, झिरो माइल, व्हरायटी चौक अशी मुंगीच्या गतीने सरकते. तिच्यात हवेवर थंड होणारी इंजिने तापतात, जुन्या टू-स्ट्रोकचे प्लग काळे पडतात, आणि चालवण्याचा आनंद फारसा मिळत नाही. एकदा अनुभव म्हणून जावे. दुसरी पहाटेची राइड, जी रामटेक-खिंडसी तलावाकडे किंवा काटोलच्या संत्र्याच्या बागांकडे जाते, आणि आपल्या गाडीला हीच योग्य. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी असल्याने त्या बाजूचा बेत कोणी आखत असेल, तर त्याला अजून येथील बरेच शिकायचे आहे असे समजा.

अशा राइडमध्ये सर्वांत पुढे वाट दाखवणारा आणि सर्वांत मागे कोणी सुटू नये म्हणून अनुभवी चालक असतो. बाकीच्यांनी एक डावीकडे, पुढचा उजवीकडे, अशा तिरप्या रांगेत, समोरच्यापासून किमान दोन सेकंदांचे अंतर राखून चालायचे असते. नवख्याला वाटते की मागे राहिलेले बरे. प्रत्यक्षात वाट दाखवणाऱ्याच्या लगेच मागची जागा मागून घ्यावी, कारण शेपटाकडच्या गाड्यांना अंतर भरून काढण्यासाठी सारखी धावपळ करावी लागते. आपली गाडी लहान आहे हे निघण्यापूर्वीच सांगितले, तर चांगला चमू तिच्या बेताने वेग ठरवतो. तसे न करणारा चमू पुढच्या वेळी टाळावा. राष्ट्रीय महामार्ग 44 वर मनसरपर्यंत ट्रकांची वर्दळ असते आणि डिसेंबर-जानेवारीत धानाच्या शेतांवरून धुके रस्त्यावर उतरते, तेव्हा हेल्मेटची काच पुसायला एक सुती फडके खिशात असू द्यावे. एप्रिल ते जून या काळात मी कोठेही जात नाही. पारा पंचेचाळीसवर असताना जॅकेट घालणे अशक्य आणि न घालणे मूर्खपणाचे.

मुलाला प्रदर्शनाला अवश्य न्या, आणि शक्यतो दार उघडताच न्या. दुपारनंतर संगीताचा दणदणाट सुरू होतो व दोरीजवळ उभे राहायलाही जागा उरत नाही, तर सकाळी मालक स्वतः फडके घेऊन गाडी पुसत असतात आणि मुलाने विचारलेल्या प्रश्नाला ते मोठ्या माणसापेक्षा जास्त वेळ देतात. सायलेन्सर गरम असतो आणि उघड्या पायाला पटकन चटका बसतो, तेव्हा त्याला फुलपँट आणि बंद बूट घाला. सामुदायिक राइडला मात्र यंदा त्याला नेऊ नये. आधी आपण एकट्याने तीन-चार वेळा जाऊन रांगेत चालवण्याचा सराव करावा, आणि तोपर्यंत त्याच्या डोक्याच्या मापाचे, आयएसआय चिन्हाचे हेल्मेट घेऊन ठेवावे. मोठ्यांचे हेल्मेट पट्टा आवळून मुलांना घालणारे पालक मी रॅलीत पाहिले आहेत. ते पहिल्याच गतिरोधकावर डोळ्यांवर येते.