लसीतल्या आरएनएत रासायनिक बदल केल्यावर प्रथिन जास्त का बनतं?

सांगलीत बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. बाहेरून आलेला साधा एमआरएनए, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं हा निरोप नेणारा आरएनए, पेशीला विषाणूचा वाटतो. पीकेआर नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं आणि भाषांतर, म्हणजे हा निरोप वाचून प्रथिन बनवणं, सुरू करणाऱ्या ईआयएफ-२ या घटकाला फॉस्फेट चिकटवतं. मग प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमचं कामच मंदावतं. आरएनएतल्या युरिडिन या अक्षराऐवजी त्याचंच थोडं बदललेलं रूप, स्यूडोयुरिडिन, घातलं की पीकेआर फारसं जागं होत नाही. कोडॉन, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे संकेत, मात्र जवळपास तसेच वाचले जातात, हे मला सगळ्यात सुंदर वाटतं. कॅटलिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाह टळतो हे दाखवलं, २००८ मध्ये प्रथिन वाढतं हे. २०२३ चं नोबेल त्यासाठीच. आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेली कोविशील्ड मात्र एमआरएनए लस नव्हे.