पाळलेला कॉर्न स्नेक दिवसभर भुशात दडून बसतो, दिसतच नाही. तो आजारी आहे का?

तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यापाशी मी थांबलो. "रोज ऑफिसातून आलो की भुसा उकरून बघतो, आहे ना, जिवंत आहे ना." बाकी सगळं नंतर, हे उकरणं आजपासून बंद करा. पिल्लू आणून तीन आठवडे झाले, दोनदा खाल्लं, त्यातलं एकदा ओकलं, आणि आता दिवसभर दिसत नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्याच्या दडण्याची मला काळजी वाटत नाही, उकरण्याची वाटते.

मी मुलुंडला राहतो. नऊ वर्षं माझ्याकडे एक कॉर्न स्नेक मादी आहे. त्याआधी काही वर्षं सर्पमित्रांबरोबर कॉलवर जायचो. मुंबईच्या जुन्या चाळींमध्ये हमखास निघणारा साप म्हणजे कवड्या. रात्री तो भिंतीवर पाली शोधत फिरतो आणि दिवसा दाराच्या चौकटीमागे किंवा विजेच्या मीटरच्या फळीमागे शिरून बसतो. तिथून त्याला सोडवताना एक गोष्ट दर वेळी दिसायची. शेजारी ऐसपैस जागा असली तरी त्याने निवडलेली फट इतकी अरुंद असायची की पाठ एका बाजूला आणि पोट दुसऱ्या बाजूला टेकलेलं. सापाला अंगाला चहूबाजूंनी काहीतरी लागलेलं हवं असतं. त्याशिवाय तो निर्धास्त होत नाही.

कॉर्न स्नेकचं तेच आहे. हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला साप. तिकडे तो पडलेल्या ओंडक्याखाली, झाडाच्या सुटलेल्या सालीमागे, उंदरांच्या बिळात राहतो. बाहेर पडतो तो मुख्यतः संध्याकाळी आणि रात्री. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम वीतभर-दीड वीत लांब असतं. पक्षी, मोठे साप, मुंगसासारखे प्राणी, सगळ्यांच्या तोंडचा घास. दिवसाढवळ्या उघड्यावर पडून राहणारी पिल्लं तिथे वाचतच नाहीत. तुमच्या पिल्लाला गोरेगावातल्या तुमच्या खोलीत घार येणार नाही, हे कुणी सांगितलेलं नाही. वरून हात आला की त्याच्या लेखी ती घारच असते. खाल्ल्यानंतर असा हात आला तर अंग हलकं करून पळता यावं म्हणून साप भक्ष्य ओकून टाकतो. तुमच्याकडे ओकण्याचं कारण बहुधा हेच.

तेव्हा आता दहा ते चौदा दिवस काही खायला देऊ नका. पोटातल्या आम्लाने घसा सोलवटलेला असतो, तो भरून यायला वेळ लागतो. मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं भक्ष्य द्या आणि पुढचे दोन दिवस टाकीला हात लावू नका. पुन्हा ओकलं तर मात्र थांबू नका, डॉक्टरांकडे न्या.

आता दडण्याबद्दल. तो दडतो का, हा प्रश्नच सोडून द्या. तो कुठे दडतो हे बघायला लागा, त्यातून पुष्कळ कळतं.

तुम्ही लिहिलंय की टाकीत भुसा आहे, पाण्याचं भांडं आहे, एक प्लास्टिकचं झाड आहे. हाइड, म्हणजे आत शिरून बसायला बंदिस्त आडोसा, नाही. खरा मातीत राहणारा साप म्हणजे आपलं मांडूळ, वाळा, सह्याद्रीतले खापरखवले. बारीक डोळे, बोथट तोंड, त्यांचं शरीरच माती सारण्यासाठी घडलेलं. कॉर्न स्नेक तसा नाही. तो आयती फट शोधणारा साप आहे. मोकळ्या भुशात शिरायला त्यालाही आवडतं, पण तुमचा चोवीस तास तळाशी असेल तर दुसरी जागा नाही म्हणून असेल. दोन हाइड ठेवा, एक उबदार टोकाला, एक गार टोकाला. महागाचं काही आणायला नको. आइस्क्रीमचा छोटा डबा उलटा घालून त्याला आत-बाहेर करता येईल एवढं भोक पाडा आणि कड घासून गुळगुळीत करा, झालं. डबा मात्र लहान हवा, वेटोळं घातल्यावर अंग भिंतींना लागलं पाहिजे. आणि दोन हव्यातच. एकच ठेवलात तर साप ऊब आणि आडोसा यांतून आडोसा निवडतो, मग तिथे भाजो की गारठो.

यावरून हीट मॅटचं, म्हणजे टाकीला ऊब देणाऱ्या विजेच्या चटईचं सांगतो, कारण इथे मी चूक केलेली आहे. माझ्या मादीला पुरायला आवडतं म्हणून मी दुसऱ्या वर्षी भुशाचा थर चांगला चार बोटं केला. मॅट टाकीच्या तळाखाली, तापमान ठरलेल्या मर्यादेत ठेवणारा थर्मोस्टॅट नाही. भुशावर हात ठेवला की कोमट लागायचं, मी निश्चिंत. पण भुसा जाड झाला की उष्णता खाली कोंडते. वर २८ अंश असताना खालची काच कितीतरी जास्त तापलेली असते, आणि पुरून घेणारा साप थेट त्या काचेवर जाऊन बसतो. साप चटका बसताच उठत नाहीत, भाजेपर्यंत बसून राहतात. तिच्या पोटखवल्यांवर तपकिरी डाग दिसला तेव्हा उशीर झाला होता. मलम, भुशाऐवजी रोज बदललेला टिश्यू पेपर, आणि दोन काती टाकल्यावर कातडी पूर्ववत झाली. त्या दोन महिन्यांत ती डब्याखालून हलली नाही. म्हणून सांगतो, थर्मोस्टॅटची तार काचेवर, भुशाच्या खाली लावा. उबदार टोक २९ ते ३१, गार टोक २४-२५. दोन्हीकडे तापमापक हवा आणि तोही सापाच्या पातळीवर.

मुंबईत तर वर्षाचे कितीतरी महिने मॅट लागतच नाही. मे आणि ऑक्टोबरमध्ये बंद खोली ३२-३३ वर जाते. अशा वेळी साप गार टोकाच्या तळाशी चिकटून बसला असेल तर तो लपलेला नाही, उकाड्यापासून पळतोय. मॅट बंद करा, खोलीत पंखा लावा. उलट रात्रभर एसी २२ वर असेल तर तो उबेला चिकटलेला दिसेल. पावसाळ्यात आणखी वेगळं. हवेतच इतकी ओल असते की नारळाचा भुसा वाळत नाही, त्याला बुरशी धरते, आणि त्यात सतत पुरलेल्या सापाच्या पोटाला फोड येतात. जूनपासून भुशाचा थर पातळ ठेवा, पाणी शिंपडू नका, आणि आंबूस वास आला की सगळा भुसा बदला. देवदाराचा किंवा सीडरचा भुसा कुणी दिला तर घेऊ नका, त्यातलं तेल सापाला बाधतं.

टाकी टीव्हीच्या कपाटावर आहे आणि शेजारी स्पीकर आहे असंही तुम्ही लिहिलंय. ती आजच हलवा. सापाला बाहेरचा कान नसतो, पण जमिनीतली थरथर जबड्याच्या हाडातून आतल्या कानापर्यंत पोचते. आमच्या गल्लीत विसर्जनाचे ढोल असतात त्या आठवड्यात माझी मादी रात्रीही बाहेर येत नाही. वरच्या मजल्यावर ड्रिलिंग सुरू झालं की तेच. अशा दिवसांत मी तिला खायलाही देत नाही.

डोळे दुधाळ झाले आणि रंग मळकट दिसायला लागला तर कात येतेय. मग आठवडा-दहा दिवस तो दिसणार नाही, खाणारही नाही. एका डब्यात ओलसर शेवाळ ठेवा, एवढंच.

काळजी कधी करायची? तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसला तर आधी पाण्यात काळे ठिपके बघा, त्या गोचडीसारख्या बारीक माइट असतात. तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, नाकाशी बुडबुडे आहेत, तर त्याच दिवशी साप बघणाऱ्या डॉक्टरांकडे. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर साप बघत नाहीत, आधी फोन करून विचारा. आणि एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. आठवडाभर काचेला नाक घासत दिवसाही फिरणारा साप मला दडलेल्या सापापेक्षा जास्त खटकतो. त्याला आडोसा पटलेला नसतो, किंवा ऊब.

तुमच्या आईंना तो पळाल्याची भीती वाटते असं तुम्ही लिहिलंय, ती रास्त आहे. पेन्सिल शिरेल त्या फटीतून एवढं पिल्लू निघून जातं. झाकणाला चारही बाजूंनी क्लिप लावा. मग, खाल्ल्यानंतरचे दोन दिवस सोडून, रोज झोपताना भुसा न उकरता वरून हाताने हलकेच सपाट करा आणि सकाळी बघा. वळणदार चर उमटलेला असेल तर स्वारी आत आहे आणि फिरून आली आहे. पंधरा दिवसांतून एकदा स्वयंपाकघरातल्यासारख्या पण वेगळ्या ठेवलेल्या काट्यावर ग्रॅममध्ये वजन करा आणि लिहून ठेवा. वजन टिकून आहे तोवर न दिसणाऱ्या सापाचं बहुधा सगळं ठीक आहे.

तुमच्याकडे कॉर्न स्नेक आहे हे नक्की करून घ्या आणि बिल जपून ठेवा. मांडूळ, धामण, तस्कर, आपल्याकडचा कुठलाही साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पुढेमागे बॉल पायथन घ्यायचा विचार असेल तर तो सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

आणि त्याला बघायचंच असेल, जे मी पूर्ण समजू शकतो, तर रात्री अकरानंतर खोलीतला दिवा मालवून पॅसेजचा मंद दिवा ठेवा आणि टाकीपासून हातभर लांब, न हलता बसा. पहिले काही दिवस काहीच दिसणार नाही. मग एखाद्या रात्री डब्याच्या भोकातून आधी जीभ दिसेल, मग नाक, आणि तो तसाच पाच-दहा मिनिटं थांबेल. तेव्हा हलू नका, फोनही काढू नका.