दुडक्या चालीचा सेनापती

चि. मुला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. प्रशिक्षण झेपत नाही असं तू कुठंच म्हणत नाहीस, पण 'सगळे मला संथ म्हणतात' हे मात्र दोनदा लिहिलंयस, आणि दुसऱ्या वेळी पेन इतकं दाबलंयस की कागदाच्या मागे वळ उठलाय. म्हणून आज जॉर्ज थॉमसबद्दल लिहितो.

अमेरिकेच्या यादवी युद्धातले उत्तरेचा ग्रँट आणि दक्षिणेचा ली हे सेनापती तुला माहीत आहेत. थॉमस त्यांच्या मागे झाकला गेला. जन्म १८१६चा, व्हर्जिनियातल्या गुलाम बाळगणाऱ्या घरातला. पुढे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत तो घोडदळ शिकवू लागला. पोरं घोडे भरधाव सोडायला टपलेली असायची आणि नेमका तेव्हाच याचा हुकूम यायचा, 'स्लो ट्रॉट!' म्हणजे दुडकी चाल. जनावरांचा दम राखायचा असे. पोरांनी त्याचं नावच 'स्लो ट्रॉट' पाडलं. ते जन्मभर चिकटलं.

१८६१ साली दक्षिणेतल्या इतर राज्यांबरोबर व्हर्जिनियाही संघराज्यातून फुटून निघाली. हा मात्र संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैन्यातच राहिला. बहिणींनी त्याची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली, असं सांगतात. सप्टेंबर १८६३ मध्ये चिकामौगाच्या लढाईत फळीत खिंडार पडलं आणि खुद्द त्या फौजेचा सेनापती मागे चॅटनूगाला निघून गेला. थॉमस उरलेल्या तुकड्या गोळा करून टेकडीवर संध्याकाळपर्यंत पाय रोवून उभा राहिला. 'चिकामौगाचा खडक' हे त्याचं दुसरं नाव तिथलं.

पण तुला वाचायचंय ते नॅशव्हिल. डिसेंबर १८६४. समोर दक्षिणेच्या हूडची फौज, आणि हा हूड वेस्ट पॉइंटला थॉमसच्याच हाताखाली शिकलेला. वरिष्ठ ग्रँटच्या तारांवर तारा येत होत्या : हल्ला कर, आत्ता कर. थॉमसच्या घोडदळाला घोडेच पुरेसे नव्हते. मग घोडे जमवायला सुरुवात झाली. शेतांवरचे घेतले, ट्रामगाड्यांचे सोडवले, सर्कशीचेही सोडले नाहीत. ते होतंय तोवर बर्फाळ पाऊस कोसळला. जमिनीवर काचेसारखा थर. माणसं उभी राहीनात, घोडे उतारावर घसरून पडू लागले. अशा जमिनीवर हल्ला म्हणजे स्वतःचीच माणसं मारणं. ग्रँटने त्याला काढायचा हुकूमही तयार केला होता. थॉमसने वॉशिंग्टनला कळवलं, की मला दूर केलं तर मी तक्रारीचा शब्दही न काढता मान्य करीन. आणि तो बर्फ वितळायची वाट बघत बसला.

१४ तारखेला थंडी ओसरली. १५ आणि १६ला त्याने हल्ला केला. घोडदळ शत्रूच्या बगलेवर जाऊन घोड्यांवरून उतरून लढलं, कृष्णवर्णीय पलटणींनी समोरची टेकडी चढताना भयंकर प्राणहानी सोसली, आणि हूडची फौज अशी मोडली की पुन्हा फौज म्हणून उभी राहिली नाही. थॉमसची जागा घ्यायला पाठवलेला लोगन तेव्हा वाटेत लुईव्हिलपर्यंतच पोचला होता.

आता माझं मत स्पष्ट सांगतो. तू थॉमससारखा संथ आहेस की नुसताच उशीर करतोस, हे तुझं तुलाच तपासावं लागेल. थॉमसच्या त्या दोन आठवड्यांतला एकही दिवस रिकामा नव्हता. तुझे दिवस कसे जातात ते वहीत लिहून बघ. आणि त्याची एक चूक तू करू नकोस. शेकडो मैलांवरच्या ग्रँटला धास्ती होती की हूड निसटून उत्तरेला ओहायो नदीकडे जाईल. ती धास्ती खोटी नव्हती. थॉमसने घोड्यांचं आणि बर्फाचं कळवलं, पण ती धास्ती जाईल असं त्याचं लिहिणं नव्हतं. वेळ लागणार असेल तर वरिष्ठांना आधी सांग : काय झालं, काय उरलं, कधी होईल. विचारायची वेळ त्यांच्यावर आणू नकोस.

युद्धानंतर त्याने आठवणी लिहिल्या नाहीत. २८ मार्च १८७० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत, काम करता करता त्याला झटका आला आणि त्याच दिवशी तो गेला. त्या वेळी तो नॅशव्हिलवरच्या टीकेला उत्तर लिहीत होता. ते अर्धंच राहिलं. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी त्याला पुरलं तेव्हा व्हर्जिनियाच्या घरचं कुणीही आलं नाही.

नकाशावाचनाची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे ना? तयारीची वही सुट्टीत येताना घेऊन ये. आपण दोघं बसून बघू.

तुझा,
सर